हिरवट प्लायवुड आणि पांढरी भुकटी: ॲल्युमिनियमच्या बोटीतल्या लाकडाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बोट साधीच होती. साधारण साडेचार मीटर लांब, रिव्हेट मारून जोडलेली, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन. तळाचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा, त्यावर आडव्या फासळ्या, आणि फासळ्यांवर पाय ठेवायला प्लायवुडचा डेक. मागच्या भिंतीत, म्हणजे ट्रान्सममध्ये, इंजिनाचा भार पेलण्यासाठी दोन पत्र्यांच्या मधे जाड प्लायवुड भरलेलं. ॲल्युमिनियमच्या बहुतेक छोट्या बोटी अशाच असतात. म्हणायला धातूच्या, पण पोटात बरंच लाकूड.

मालक निवृत्त गृहस्थ. मी त्यांना काका म्हणतो, इथेही तेच नाव ठेवतो. जुना डेक कुजला म्हणून अडीच वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः खपून नवीन बसवला होता. पुन्हा कुजण्याची भानगड नको, म्हणून मुद्दाम ‘ट्रीटेड’ प्लायवुड आणलं. म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेलं, वाळवी आणि बुरशी न लागणारं. वरच्या बाजूला वॉर्निशचे दोन हात दिले, त्यावर गालिचा चिकटवला आणि स्टेनलेसचे स्क्रू थेट फासळ्यांत पिळले. काम नीटनेटकं होतं. फटी सारख्या, स्क्रू एका ओळीत.

बोट बहुतेक वेळा गोड्या पाण्यात चालायची, वर्षातून चार-सहा वेळा खाडीत. एरवी ट्रेलरवर, ताडपत्रीखाली, उघड्यावर.

अडचण

काकांचा फोन आला तेव्हा तक्रार एवढीच होती: “तळात पाणी येतंय. रिव्हेट ढिले झाले असतील, जरा बघून जा.”

रिव्हेट ढिले नव्हते. गालिचाचा एक कोपरा उचलला तर ओला, आंबट वास आला. स्क्रू काढायला गेलो तर तीन स्क्रू फासळीच्या भोकात नुसते गोल फिरले, कारण भोवतालचं ॲल्युमिनियम पिठासारखं झालं होतं. दोनांची डोकी तुटून हातात आली. पहिली फळी उचलली आणि काका गप्पच झाले. फासळ्यांच्या माथ्यावर पांढरी भुकटी, काही ठिकाणी ओलसर, चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखी. बोटाने पुसली की खाली पत्र्यात खड्डे. टोचणी लावून पाहिली तर सात ठिकाणी ती आरपार गेली.

प्लायवुड मात्र ठणठणीत होतं. कुठेही मऊ पडलेलं नाही, थर सुटलेले नाहीत. काकांनी फळी उलटी करून ठोकून दाखवली: “बघ, लाकडाला काही झालेलं नाही. मग पत्र्यालाच काय झालं?”

तपासणी

अशा वेळी पहिलं बोट खाऱ्या पाण्याकडे जातं, दुसरं विजेकडे. दोन्ही तपासल्याशिवाय लाकडावर आळ घेणं योग्य नव्हतं.

खारं पाणी मुख्य कारण असतं तर बाहेरच्या बाजूनेही खुणा दिसल्या असत्या. बाहेरून पत्रा स्वच्छ होता, खड्डे सगळे आतून. तेही तळभर विखुरलेले नव्हते. एक रांग फासळ्यांच्या माथ्यावर, जिथे प्लायवुड टेकत होतं. दुसरी फळ्यांच्या कापलेल्या काठांखाली, जिथे पाणी निथळून थेंब थेंब पडत असणार. फळीच्या मधल्या भागाखालचा पत्रा बराचसा शाबूत होता.

विजेसाठी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरं बोटीच्या पत्र्याला लावलं, मग जागा बदलून ऋण बाजूला. दोन्ही वेळा काटा हलला नाही. म्हणजे वायरिंगमधून पत्र्यात गळती नव्हती. पण बॅटरीच्या डब्याखाली तांब्याच्या वायरचा एक तुटका धागा सापडला, नखाएवढा. तो उचलला तर खाली त्याच्याच आकाराची कोरलेली रेघ. पुढचं सगळं मी काकांना त्या रेघेवरूनच समजावलं.

भिंग लावून खड्डे पाहिले तेव्हा काहींच्या तळाशी लालसर तपकिरी ठिपके दिसले. ॲल्युमिनियम गंजून तो रंग कधीच येत नाही, त्याचा गंज पांढरा किंवा करडा. ते तांबं होतं. आणि तळात पडलेल्या त्या एका धाग्याखेरीज तांबं फक्त एकाच ठिकाणी होतं: प्लायवुडमध्ये मुरवलेल्या औषधात. फळीची खालची बाजू पाहिली. तिथे वॉर्निशचा थेंबही नव्हता. लाकडाला हिरवट झाक होती, आणि एका काठाला कारखान्याची चिठ्ठी अजून स्टेपल केलेली.

असं का झालं

ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. हा पापुद्रा काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि ओरखडा पडला तरी हवेत लगेच पुन्हा तयार होतो. पण त्याच्या अटी आहेत. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ च्या मधे हवा, हवेचा म्हणजे प्राणवायूचा पुरवठा हवा, आणि आसपास तांब्यासारखा वरचढ धातू, म्हणजे जोडीत स्वतः न झिजता ॲल्युमिनियमला झिजवणारा, नको. काकांच्या बोटीत शेवटच्या दोन्ही अटी एकदम मोडल्या होत्या.

गालिचा आणि कोरं लाकूड पाणी धरून ठेवत होतं. फळी आणि फासळी यांच्यातल्या चिमूटभर फटीत ते पाणी आठवडे न् आठवडे अडकून राहायचं. तिथला प्राणवायू संपला की पापुद्रा दुरुस्त होत नाही. ओलं पोटीस बांधून ठेवावं तसा हा प्रकार, आणि साधं औषध न लावलेलं लाकूड असतं तरी थोडंफार नुकसान झालंच असतं.

पण अडीच वर्षांत पत्रा आरपार जायला तांबं लागलं. औषधातले तांब्याचे क्षार पाण्यात थोडे थोडे विरघळतात. ते पाणी ॲल्युमिनियमवर आलं की ॲल्युमिनियम विरघळतं आणि त्याच्या जागी धातूरूप तांब्याचा सूक्ष्म ठिपका बसतो. आता तो ठिपका आणि भोवतालचा पत्रा मिळून छोटी बॅटरीच झाली. समुद्राच्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्यात जवळपास ०.४ व्होल्टचा फरक असतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. एक गोष्ट काकांना पटायला वेळ लागला: त्यासाठी लाकूड पत्र्याला टेकलेलंही असावं लागत नाही. काठावरून पडलेला थेंब पुरतो.

इथे थोडा इतिहास उपयोगी आहे, कारण ‘आम्ही वर्षानुवर्षं ट्रीटेड लाकूडच वापरलं, काही झालं नाही’ असं सांगणारे खूप भेटतात. पूर्वीच्या औषधात (सीसीए) तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते बंद झालं आणि एसीक्यू, कॉपर अझोल अशी औषधं आली. त्यांत आर्सेनिक नाही हे चांगलंच, पण तांब्याचं प्रमाण वाढलं आणि गंजाला आवर घालणारं क्रोमियम गेलं. जुन्या लाकडाबरोबर कशीबशी निभावलेली बोट नव्या लाकडाबरोबर निभावेलच असं नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीत जुनं औषधही नकोच, हे वेगळं सांगायला नको.

पहिला निर्णय: तेच प्लायवुड परत बसवायचं का?

काकांचा आग्रह तोच होता आणि त्यामागे तर्कही होता. फळ्या चांगल्या आहेत, मापाने कापलेल्या आहेत. मग सहाही बाजूंनी इपॉक्सी (हार्डनर मिसळला की कडक होणारं रेझिन) लावून औषध आतच कोंडून टाकलं तर?

मी अर्धा दिवस या प्रश्नावर घालवला, कारण फळ्या फेकायला मलाही जिवावर येत होतं. कागदावर ते चालतंही. इपॉक्सीचा अखंड थर असेल तर पाणी आत जात नाही आणि तांबं बाहेर येत नाही. पण डेकवर नांगर पडतो, इंधनाची टाकी घसटते, कुणीतरी वर्षभराने एखादा स्क्रू मारतो. साध्या लाकडात अशी जागा राहिली तर तिथे लाकूड कुजायला लागतं, आणि ते दिसतं. तांब्याच्या लाकडात राहिली तर लाकूड छान राहतं आणि खालचा पत्रा गुपचूप जातो. लाकूड बदलता येतं, तळ बदलता येत नाही. या एका वाक्यावर काका थांबले. फळ्या बोटीबाहेर गेल्या, त्यांचं पुढे बागेत बाकडं झालं.

बाकीचे पर्याय

डेकसाठी ॲल्युमिनियमचाच पत्रा टाकणं सर्वांत सरळ. कुजणं नाही, धातूशी धातूचं भांडण नाही. पण माणसाचं वजन पेलायला जाड पत्रा किंवा खाली जास्त फासळ्या लागतात, उन्हात तापतो, ओला झाला की निसरडा, आणि प्रत्येक पावलाचा आवाज. काका मासेमारीसाठी बोट नेतात, त्यांना आवाज नकोच होता.

एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या फळ्या वजनाखाली झुकतात, उन्हाने लांबी बदलतात आणि त्यांना काहीही चिकटत नाही. काचतंतू घातलेल्या फोमच्या फळ्या उत्तम असतात, कुजत नाहीत, हलक्या असतात. खर्च परवडत असेल तर मी त्याच सुचवतो. इथे परवडत नव्हतं.

उरलं औषध न लावलेलं प्लायवुड. मरीन प्लायवुड आणि चांगलं बाहेरच्या वापराचं प्लायवुड या दोन्हींत फिनॉलचा, पाण्यात न सुटणारा गोंद असतो. फरक आतल्या थरांत आहे. मरीनमध्ये पोकळ्या नसतात, बाहेरच्या वापराच्यात असू शकतात, आणि पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मरीन म्हणजे न कुजणारं नव्हे. गोंद टिकतो, लाकूड कुजतंच. ट्रान्समसाठी मरीन घेतलं. डेकसाठी बाहेरच्या वापराचं घेतलं, प्रत्येक कापलेला काठ तपासून, पोकळी दिसली की भरून.

आता त्याला बंद कशाने करायचं? दोन मार्ग होते. एक इपॉक्सी, म्हणजे लाकूड पूर्ण कोंडणं. दुसरा पातळ केलेलं मरीन वॉर्निश: पहिला हात निम्मं थिनर घालून, पुढचे कमी पातळ करत. वॉर्निश वाफ थोडी आत-बाहेर सोडतं. म्हणजे ओलं झालेलं लाकूड हळूहळू सुकूही शकतं, पण दर वर्षी नवीन हात द्यावा लागतो. मी दोन्ही वापरले. जिथे हात पोहोचतो आणि वारा लागतो, म्हणजे बसायच्या फळ्या, तिथे वॉर्निश. जिथे पुन्हा पाच वर्षं कुणी पाहणार नाही, म्हणजे डेकची खालची बाजू आणि ट्रान्समचा गाभा, तिथे इपॉक्सी. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त म्हणून पुष्कळ जण लावतात. ते लाकडाला नीट धरत नाही आणि कडक असल्यामुळे तडकतं. तडकलेला थर पाणी आत घेतो आणि बाहेर सोडत नाही, त्यापेक्षा कोरं लाकूड परवडलं.

दुसरा निर्णय: ट्रान्सम उघडायचा का?

तक्रार डेकची होती. ट्रान्समबद्दल कुणी काही बोललं नव्हतं, आणि तो उघडायचा म्हणजे इंजिन उतरवणं, वरची कडपट्टी काढणं, कोपऱ्यांचे रिव्हेट तोडणं. टाळावंसं वाटत होतं.

हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं. वरच्या भागाचा आवाज टणक, खालच्या डाव्या कोपऱ्याचा बद्द. आतल्या बाजूने ४ मिलिमीटरची दोन भोकं पाडली, एक वर, एक खाली. वरच्या भागातून कोरडा, फिकट भुसा आला. खालच्या भोकातून काळपट ओला लगदा ड्रिलला गुंडाळून आला आणि मागोमाग पाण्याची बारीक धार. मग प्रश्नच उरला नाही. हे मूळ कारखान्याचं लाकूड होतं, औषधाशिवायचं, त्यामुळे पत्रा वाचला होता. पण इंजिनाचे बोल्ट लगद्यात धरलेले होते. डेकच्या कामासाठी बोट आली नसती तर हे पाण्यातच कळलं असतं.

काम: आधी पत्रा

ॲल्युमिनियम घासायला लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल वापरलं नाही. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि नवीन खड्डे सुरू करतात. नायलॉनचे घासणे, साबणाचं पाणी, मग फॉस्फरिक आम्लाचं क्लीनर आणि भरपूर गोडं पाणी. कॉस्टिक सोडा तर जवळही आणू नये, तो ॲल्युमिनियम खातो.

सर्वांत वेळखाऊ काम ते लालसर ठिपके. ते धुऊन जात नाहीत. आत राहिले तर वरून रंग दिला तरी खाली झीज चालूच राहते. प्रत्येक खड्डा छोट्या कार्बाइडच्या टोकाने चमकता धातू दिसेपर्यंत कोरला. दोन दिवस गेले, आणि पाठ अवघडली.

सात आरपार भोकांपैकी पाच एकाच फासळीजवळ होती. तिथे ५०५२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा ठिगळपत्रा, पॉलियुरेथेन सीलंटच्या थरावर, बंद तोंडाच्या ॲल्युमिनियम रिव्हेटनी बसवला. वेल्डिंगचा विचार केला होता, पण इतका पातळ आणि खड्ड्यांत घाण मुरलेला पत्रा वेल्डिंगला दाद देत नाही, आणि उष्णतेने शेजारच्या सांध्यांतलं सीलंट जातं. सुटी दोन भोकं आणि उथळ खड्डे इपॉक्सीत ॲल्युमिनियमची पूड मिसळून भरले.

मग सगळ्या तळाला आतून इपॉक्सी प्रायमर. पत्रा खरवडल्यावर ऑक्साइड लगेच जमू लागतं, म्हणून एका वेळी हातभर भाग घासायचा आणि त्याच तासात प्रायमर लावायचा, असं पुढे सरकलो.

पत्र्यावर खुणा करायला काकांनी खिशातली पेन्सिल काढली होती. मी मार्कर दिला. पेन्सिलीतलं ग्राफाइट ॲल्युमिनियमशी तांब्यापेक्षाही वाईट वागतं. एका रेघेने बोट बुडत नाही, पण इतकं कोरून साफ केलेल्या पत्र्यावर ते कशाला?

काम: मग लाकूड

क्रम महत्त्वाचा. आधी सगळ्या फळ्या कापून कोऱ्याच बसवून पाहिल्या, सगळी भोकं पाडली, हॅचची, म्हणजे डेकमधल्या झाकणांची, तोंडं कापली. इपॉक्सी लावल्यावर एकही नवीन काप घ्यायचा नाही हा नियम. काठ पॉलिश पेपरने गोल केले, कारण धारदार काठावर इपॉक्सी ओघळून पातळ होते आणि तिथेच पहिली फुटते. नंतर फळ्या पंख्याखाली ठेवल्या. ओलावा मोजण्याच्या यंत्रावर १२ टक्क्यांच्या आत आकडा येईपर्यंत इपॉक्सीचा डबा उघडला नाही. ओलं लाकूड कोंडलं तर कुजण्याची सोयच करून दिल्यासारखं.

पहिल्या फळीला मी चूक केली. सकाळी नऊला, उन्हात, हात दिला. तासाभरात थरभर बारीक बुडबुडे. लाकूड तापत होतं, आतली हवा फुगून बाहेर येत होती आणि ओल्या थरात भोकं पाडत होती. ते सुईच्या टोकाएवढं भोकही पाण्याला पुरतं. फळी घासून पुन्हा करावी लागली. पुढच्या सगळ्या फळ्या दुपार उतरल्यावर, सावलीत केल्या. लाकूड निवत असतं तेव्हा हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढली जाते.

काठांनी आश्चर्यकारक इपॉक्सी प्यायली. सपाट बाजूला एक हात दिला की चमक टिकायची. कापलेल्या काठावर पाच मिनिटांत मॅट डाग पडायचा, पुन्हा ब्रश, पुन्हा डाग. चौथ्या वेळेला काठांचं पिणं थांबलं. पाणी नेमकं याच वाटेने आत शिरतं, त्यामुळे सगळा धीर इथे वापरायचा. इपॉक्सी पातळ करायला थिनर घातलं नाही, कारण थिनर उडून गेल्यावर मागे सच्छिद्र थर राहतो. हार्डनरचं प्रमाणही लवकर वाळावं म्हणून वाढवायचं नसतं.

एकूण तीन हात. दुसऱ्या दिवशी घासण्याआधी फळ्या साध्या पाण्याने आणि घासणीने धुतल्या. काही हार्डनर वाळताना वर मेणचट थर सोडतात, तो न धुता पॉलिश पेपर चालवला तर आतच घासला जातो आणि पुढचा हात सुटतो. शेवटी वर रंग, कारण इपॉक्सी उन्हाने पिवळी पडून भुरभुरते. रंगात बारीक वाळू मिसळली, त्यामुळे पाय घसरत नाही. गालिचा परत लावला नाही. काकांना तो आवडायचा, पण ओल धरणारी गोष्ट या बोटीत नको हे त्यांनीच ठरवलं.

भोकांची रीत वेगळी सांगायला हवी, कारण सील केलेल्या बहुतेक डेकचा घात तिथेच होतो. ५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी १० मिलिमीटरचं भोक पाडलं, खालून टेप लावली, घट्ट केलेली इपॉक्सी भरली, वाळल्यावर तिच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडलं. स्क्रू लाकडाला शिवतच नाही, इपॉक्सीच्या नळीतून जातो. ट्रान्समच्या बोल्टांनाही तेच. ट्रान्समचा गाभा १८ मिलिमीटरच्या दोन फळ्या इपॉक्सीने चिकटवून ३६ मिलिमीटरचा केला, आणि वरची कडपट्टी बसवताना सीलंट हात आखडता न घेता लावलं.

याच वेळी काकांचा पुतण्या मदतीला म्हणून सिलिकॉनची ट्यूब घेऊन आला. टोपण उघडताच व्हिनेगरचा वास. त्या प्रकारचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि बंद फटीत ते ॲल्युमिनियमला लागतं. “वास घे, मग ठरव” एवढंच मी त्याला म्हणालो. आम्ही पॉलियुरेथेनच वापरलं.

तिसरा निर्णय: लाकूड आणि फासळी यांच्यात काय?

सगळीकडून बंद केलेलं लाकूडही पत्र्यावर सरळ टेकवायचं नाही, यावर मी ठाम होतो. चालताना घसट होऊन रंग आणि इपॉक्सी तिथेच झिजते. सुरुवातीला फासळीभर रबराची मऊ पट्टी चिकटवायचं ठरवलं. एका फासळीवर लावून पाणी ओतून पाहिलं. पाणी पट्टीच्या दोन्ही कडांशी अडून राहिलं, संध्याकाळपर्यंत तसंच. गालिचाने केलं तेच काम ही पट्टी करणार होती.

ती काढली. त्याऐवजी ३ मिलिमीटर जाडीच्या एचडीपीईचे बोटभर लांबीचे तुकडे, मधे तेवढंच अंतर सोडून ठेवले. त्यांना काही चिकटत नाही, म्हणून ते स्क्रूंनीच धरले जातात अशी रचना केली. फळी तुकड्यांवर टेकते, मधून वारा जातो, पाणी निघून जातं. डेक दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून २० मिलिमीटर आत थांबवला. पूर्वी तो घट्ट बसवलेला होता आणि कडेला कचरा अडून ओल राहायची. फासळ्यांतली पाणी वाहायची भोकं मोकळी केली, आणि दोन हॅच ठेवले, हात आणि टॉर्च आत जाण्यासाठी.

स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. स्टेनलेसही ॲल्युमिनियमपेक्षा वरचढ धातू आहे, पण छोटा स्क्रू आणि मोठा पत्रा हे प्रमाण सुसह्य असतं. उलट असतं, तर ॲल्युमिनियमचा रिव्हेट लवकरच गेला असता. तरी प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना गंजरोधक पेस्ट आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर. पितळ आणि साधं लोखंड या बोटीत कुठेच नाही.

परिणाम

दीड वर्षानंतर काकांबरोबर बोट उघडली. मार्करने खूण केलेले बारा खड्डे एकेक करून पाहिले, एकही वाढलेला नव्हता. ठिगळाच्या कडा कोरड्या. फासळ्यांवर पांढरी भुकटी नाही. ट्रान्सम ठोकल्यावर सगळीकडे एकच टणक आवाज. ओलाव्याचं यंत्र डेकवर ११ ते १३ दाखवत होतं.

एका जागी २४ दाखवलं. गळाची काठी अडकवायचा आकडा बसवायला मधल्या काळात कुणीतरी दोन स्क्रू सरळ डेकमध्ये पिळले होते. भोवती रुपयाएवढं काळं कडं. फळी उलटी केली, खाली ओल होती, पत्र्यावर पाण्याचा डाग होता, खड्डा मात्र नव्हता. लाकडात तांबं नसल्याचा फायदा त्या डागाकडे पाहताना काकांना जेवढा पटला, तेवढा माझ्या बोलण्याने पटला नव्हता.

प्रायमर एका रिव्हेटच्या रांगेत फोडासारखा उचलला गेला होता. ती चूक माझी. तिथे आम्लाचं क्लीनर नीट धुतलं गेलं नसणार. तेवढा भाग खरवडून पुन्हा केला.

आता केलं तर वेगळं काय करीन

खड्ड्यांची खोली पहिल्याच दिवशी मोजून, फोटो काढून ठेवीन. ‘वाढला नाही’ हे मी आज डोळ्यांच्या भरवशावर म्हणतोय, ते आकड्यांवर म्हणता आलं असतं.

क्लीनर लावल्यावर रिव्हेटच्या रांगा वेगळ्या धुवीन आणि लिटमसच्या कागदाने शेवटचं पाणी तपासीन. पाच मिनिटांचं काम आहे.

काठी, दिवा, कप अडकवायच्या जागा कुठे लागतील हे मालकाला बसवून विचारीन, आणि त्या ठिकाणी इपॉक्सी भरलेली भोकं आधीच तयार ठेवीन. माणूस आपल्या बोटीत कधी ना कधी स्क्रू मारणारच. त्याला नुसतं नको म्हणून भागत नाही.

बसायच्या फळ्यांचं वॉर्निश मात्र मी पुन्हाही तसंच ठेवीन. काकांनी मधल्या काळात एकदा नवीन हात दिला होता, फळ्या छान आहेत. दुसऱ्या वर्षीचा हात राहिला होता, तो त्याच दुपारी देऊन टाकला. आकड्याच्या दोन्ही भोकांत घट्ट इपॉक्सी भरून ठेवली आहे. ती वाळली की मधोमध नवीन भोक पाडून आकडा परत त्याच जागी बसेल.